राखून ठेवलेलं इन्शुलिन

सूनबाई फ्रीजचं दार उघडते तेव्हा मी खुर्चीत बसून ऐकत असतो. दार किती वेळ उघडं राहिलं, पातेलं कुठे सरकवलं, त्या पातेल्याने माझ्या इन्शुलिनची बाटली मागे ढकलली का, हे मला आवाजावरून समजतं. ती कामावर गेली की मी उठतो आणि बाटली काढून बघतो. दोन तळव्यांत धरून हळूहळू फिरवतो, खिडकीच्या उजेडात धरतो. पातळ दुधासारखं एकसारखं दिसलं, तरच टोचून घेतो.

मागच्या आठवड्यात तिने मला हे करताना पाहिलं. चष्मा विसरली म्हणून परत आली होती.

"बाबा, तुम्हाला माझा संशय येतो का?"

"तुझा नाही. फ्रीजचा येतो."

"फ्रीजचा कुणी संशय घेतं का?" ती हसली, पण तिला लागलं होतं. रोज माझी बाटली ती जपून ठेवते आणि रोज मी तिच्या मागे जाऊन तपासतो.

ती चष्मा घेऊन गेली. पण तिच्या प्रश्नाने मला दिवसभर बसू दिलं नाही, कारण एकदा फ्रीजचा संशय घ्यायची वेळ माझ्यावर आली होती आणि मी तो घेतला नव्हता. त्याऐवजी एका बाईचा घेतला होता. ती बाई चिंचपोकळीला राहते आणि तिच्या चाळीत इतकी वर्षं काही लोक समजत होते की तिच्या निष्काळजीपणामुळे शेजारणीच्या पायाचं बोट गेलं.

माझं परळला औषधांचं दुकान होतं. इस्पितळांच्या रस्त्यावरून आत वळलं की डाव्या हाताला, अरुंद, पण आत खोल. मी काटेकोर म्हणून ओळखला जायचो. ज्याची मुदत आधी संपते तो माल पुढे, नंतर संपते तो मागे. खोकल्याची औषधं उन्हात नाहीत, गोळ्यांची खोकी ओल धरलेल्या भिंतीला टेकून नाहीत. लालबाग, घोडपदेवहून लोक माझ्याकडे यायचे, कारण "यांच्याकडचं औषध लागू पडतं." हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की मला ते स्वतःविषयीचं सत्य वाटायला लागलं होतं.

दुकानातला फ्रीज मात्र घरगुती होता. एकदारी, वर बर्फाचा कप्पा असलेला. त्यात एक थर्मामीटर टांगलेला होता. तपासणीला कुणी आलं की तो दाखवायचा. तो दाराजवळ टांगलेला होता आणि दाराजवळचं खरं सांगत होता.

त्या वर्षांत एका जातीच्या इन्शुलिनची वरचेवर टंचाई व्हायची. मग मी एक पद्धत पाडली. माल आला की थोडी खोकी नेहमीच्या गिऱ्हाइकांसाठी बाजूला काढायची आणि एका स्टीलच्या ट्रेमध्ये सगळ्यात मागे, बर्फाच्या कप्प्याला लागून ठेवायची. रस्त्यावरून कुणी चिठ्ठी घेऊन आलं तर त्याला पुढचं द्यायचं. आपल्या माणसाला मागचं. मागचं म्हणजे राखलेलं, जास्त थंडाव्यातलं, म्हणून जास्त चांगलं, असा माझा समज होता. औषधांच्या दुकानात आयुष्य घालवलेल्या माणसाचा हा समज. खोक्यावर छापलेलं असतं की थंड ठेवा पण गोठू देऊ नका. मी हे गिऱ्हाइकांना वाचून दाखवायचो.

एका उन्हाळ्यात फार उकडायला लागलं तेव्हा मी फ्रीजचा थंडावा वाढवायचा खटका शेवटच्या आकड्यावर नेला. पावसाळा आला, गेला. खटका तिथेच राहिला.

माझ्या नेहमीच्या गिऱ्हाइकांत एक निवृत्त शिक्षिका होत्या. महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायच्या. सगळे त्यांना बाई म्हणायचे, मीही. चिंचपोकळीला स्टेशनाच्या बाजूच्या एका चाळीत दुसऱ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. घरचा फ्रीज बिघडला तेव्हा त्यांनी नवा घेतला नाही. "एकटीला कशाला, दूध मी सकाळीच संपवते," म्हणायच्या. त्यांची इन्शुलिनची बाटली शेजारच्या वहिनींच्या फ्रीजमध्ये असायची. या वहिनी मालवणकडच्या, तोंडाने फटकळ. बाईंची नजर अधू झाली होती, सिरिंजवरच्या रेघा दिसत नव्हत्या, म्हणून सकाळ-संध्याकाळ सुईही वहिनीच टोचायच्या. बाई कधीकधी दुकानात कौतुकाने सांगायच्या, "ती टोचते ते कळतच नाही हो. तोंडाने मात्र जास्त टोचते."

मग बाईंची साखर वाढायला लागली. डॉक्टरांनी मात्रा वाढवली. तरी वाढतच राहिली. एकदा डॉक्टरांचा मला फोन आला. "अहो, तुमच्याकडचं औषध नीट आहे ना? जरा बघून घ्या."

मला राग आला. मी पुरवठादाराला विचारलं, लॉट तपासला, मुदत तपासली. सगळं बरोबर होतं. म्हणजे दुकान बरोबर होतं. मग चूक बाहेर कुठेतरी असली पाहिजे. मी आधी बाईंवर संशय घेतला.

"बाई, गोड चालू आहे का?"

"तुमच्या दुकानात लिमलेटच्या गोळ्यांची बरणी आहे, तिच्याकडे मी बघतसुद्धा नाही."

"सणाचं काही? श्रीखंड वगैरे?"

"मी शाळेत चोर पकडत होते," बाई म्हणाल्या. "तुम्ही विचारताय तसंच विचारायचे. मी खात नाही."

मला ते पटलं नाही. साखरेचे पेशंट खोटं बोलतात असं मी धरून चाललो होतो. पण पुढच्या आठवड्यात वहिनी स्वतः दुकानात आल्या. हातात ओल्या रुमालात गुंडाळलेली बाटली.

"भाऊ, ही बघा जरा. यात दाणे दिसतात मला. कितीही फिरवली तरी जात नाहीत."

मी बाटली उजेडात धरली. काचेला आतून बारीक कण चिकटले होते. इन्शुलिन एकदा गोठलं आणि पुन्हा वितळलं की असं होतं, हे मला शिक्षणापासून माहीत होतं. बाटली बघताक्षणी मला उत्तर मिळालं, आणि ते उत्तर माझ्यासमोर उभं होतं.

"वहिनी, ही तुम्ही कुठे ठेवता?"

"दारात. अंड्यांच्या बाजूला."

"वर कधी ठेवली होती? बर्फाच्या कप्प्यात?"

"वर मासे असतात. वर कशाला ठेवीन?"

"घाईत, चुकून?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "माका सरळ इचारा ना. मी गोठवलंय असा म्हणता?"

"तसं नाही म्हणत. पण ही गोठलेली आहे."

त्या बाटली काउंटरवर ठेवून, मी मागच्या ट्रेमधून काढून दिलेलं नवं खोकं घेऊन निघून गेल्या. आता मी विचार करतो तेव्हा मला हे समजत नाही की ज्या बाईने निष्काळजीपणा केला असेल ती तोच निष्काळजीपणा दाखवायला माझ्याकडे चालत कशाला येईल. एवढा साधा विचार मला सुचला नाही. उलट वाटलं, आपल्यावर येऊ नये म्हणून आधीच आली.

संध्याकाळी मी बाईंना फोन केला. म्हणालो, "बाई, बाटली तिथून काढा. एका छोट्या डब्यात घालून माठाजवळ, पाण्यात ठेवलेल्या भांड्यात ठेवा. त्यांच्या फ्रीजवर विसंबू नका."

"ती असं करेल?"

"मुद्दाम नाही करणार. पण घरात पाच माणसं, कुणाचा हात कुठे लागतो. आणि त्यांना त्याची किंमत कळते का, हाही प्रश्न आहे."

हे शेवटचं वाक्य बोलायची काहीच गरज नव्हती. बाईंनी नेमकं तेच उचललं. दुसऱ्या दिवशी गॅलरीत, नळाला पाणी आलेलं असताना, सगळ्यांसमोर त्यांनी वहिनींना विचारलं की माझ्या जिवाची किंमत तुला कळते का. हे मला बाईंनीच सांगितलं. वहिनींनी भरलेली बादली तिथेच ठेवली आणि आत गेल्या. त्यानंतर त्या दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत.

सुई टोचायला कुणी उरलं नाही. बाई रोज सकाळी आणि संध्याकाळी बाटली घेऊन डॉक्टरांच्या दवाखान्यात चालत जायला लागल्या. नवी चप्पल पायाला चावली. साखर चढलेलीच होती, जखम भरेना. बाटली माठाजवळ ठेवूनसुद्धा साखर का उतरत नाही, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी म्हणालो, "शरीराला वेळ लागतो, बाई." तेव्हा मला ते खरंच वाटत होतं. संशय एकदा एका माणसावर बसला की त्याच्या विरुद्ध जाणारी गोष्टही आपण त्याच्याच खात्यात टाकतो. इस्पितळात शेवटी त्यांच्या डाव्या पायाचं एक बोट काढावं लागलं.

त्यांना इस्पितळातून सोडल्यानंतर काही दिवसांनी मी दुकानातला फ्रीज बंद करून बर्फ काढत होतो. मागचा ट्रे निघेना. बर्फाच्या भिंतीला चिकटला होता. उलथण्याने सोडवला तेव्हा खोक्यांचे पुठ्ठे ओले होऊन वाळल्यासारखे वाकडेतिकडे झालेले दिसले. एक बाटली काढून तळव्यांत फिरवली. काचेला दाणे. दुसरी घेतली. दाणे. मग पुढच्या बाजूच्या बाटल्या घेतल्या. त्या दुधासारख्या साफ.

मी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि खाली बसलो. रस्त्यावरच्या माणसाला मी चांगलं दिलं होतं. ज्यांना आपलं मानत होतो, त्यांना बिघडवून दिलं होतं. म्हणूनच तक्रार फक्त ओळखीच्यांकडून येत होती, आणि ओळखीचे म्हणून मला त्यांच्या सवयी, त्यांची घरं, त्यांचे शेजारी ठाऊक होते, संशय घ्यायला भरपूर जागा होती.

तो सगळा माल मी नष्ट केला. नेहमीच्या गिऱ्हाइकांना बोलावून जुन्या बाटल्या परत घेतल्या, नव्या दिल्या आणि सांगितलं की कंपनीने लॉट बदलला आहे. औषधांसाठी असतो तसा फ्रीज आणला, आतबाहेर तापमान दाखवणारा. खटका कुणी फिरवू नये म्हणून त्यावर चिकटपट्टी लावली. जे आधी करायला हवं होतं ते सगळं केलं. कुणालाही खरं सांगितलं नाही. राखलेला माल घेणारे आणखीही काही जण होते. त्यांच्यापैकी एकाने मधल्या काळात दुकान बदललं होतं. त्याचं काय झालं ते मी विचारायला गेलो नाही. विचारलं तर उत्तर मिळेल अशी भीती होती.

बाईंची साखर उतरायला लागली. त्या काठी टेकत दुकानात आल्या, रिपोर्ट काउंटरवर ठेवला. म्हणाल्या, "बघा. तिच्या घरातून काढलं आणि उतरली. तुम्ही म्हणालात ते बरोबर निघालं."

मी म्हणालो, "हो."

त्यानंतर दुकान बरीच वर्षं चाललं. वहिनी पुन्हा कधी माझ्या दुकानाची पायरी चढल्या नाहीत. समोरच्या बाजूने जाताना दिसल्या तर मी ड्रॉवर उघडून त्यात काहीतरी शोधायचो.

सूनबाईने तो प्रश्न विचारल्यावर दोनेक दिवसांनी मी चिंचपोकळीला गेलो. चाळ अजून उभी आहे, पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत म्हणतात. वहिनी दारात बसून कोलंबी सोलत होत्या. केस पांढरे झालेत. मला ओळखायला वेळ लागला नाही.

"बसा भाऊ." आवाजात या किंवा जा, काहीच नव्हतं.

मी उंबऱ्याजवळच्या स्टुलावर बसलो आणि सगळं सांगितलं. ट्रे, बर्फ, दाणे, लॉट बदलल्याची थाप, आणि तो 'हो'. त्या सोलत राहिल्या.

"दुकान चालवायचं होतं म्हणून बोलला नाहीत?"

"हो."

"आणि आता बंद झालं म्हणून इलात."

मी मान हलवली. त्यांनी कोलंबीचं ताट बाजूला सरकवलं.

"माका सांगान काय होतला? मी काय करूक नाय, ता माका म्हायत होता. त्यांका सांगा जावन."

बाई तीन दारं पलीकडे. खुर्चीत बसल्या होत्या, डाव्या पायात खास करवून घेतलेला बूट. मी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर म्हणाल्या, "तुम्हाला तिने पाठवलं?"

"नाही, बाई."

"आत्ता तिच्याच दारात बसला होतात. मला इथून आवाज येतो."

"आधी त्यांना सांगणं भाग होतं."

"डॉक्टरांनी तुम्हाला तब्येतीचं काही सांगितलंय का? लोक असं जाण्याच्या आधी येतात."

"तसं काही नाही. साखर आहे, बाकी ठीक आहे."

"मग पुरावा काय?"

"पुरावा मीच नष्ट केला."

"म्हणजे तुम्ही सांगाल ते मी मानायचं. तेव्हाही मानलं, आताही मानायचं."

 ज्या बाईला मी संशय घ्यायला शिकवलं, ती आता माझ्याच खऱ्या बोलण्यावर तो घेत होती. मी उठायला लागलो. त्यांनी हाताने बसा अशी खूण केली. त्या पायाकडे बघत राहिल्या. गणिताच्या बाई होत्या, आकड्यांचा क्रम लावत असणार.

"मी बाटली तिच्याकडून काढली आणि नंतरही साखर चढलेलीच होती," त्या सावकाश म्हणाल्या. "इस्पितळात गेले तोपर्यंत. तेव्हा बाटली माझ्या घरात होती."

"हो."

"तेव्हा तुम्ही म्हणालात, वेळ लागतो."

"हो."

"मी ते का मानलं?" हे त्या मला विचारत नव्हत्या. मग काठी हातात घेतली. "मी तिला गॅलरीत बोलले होते. सगळ्यांसमोर. तुम्ही माझ्या खोलीत कुजबुजून जाऊ नका. बाहेर चला."

संध्याकाळची वेळ, माणसं कामावरून येत होती, कुणी दोरीवरचे कपडे काढत होतं. बाईंनी काठी कठड्यावर आपटली. शाळेतला आवाज अजून तसाच. "जरा इकडे लक्ष द्या. यांना काही सांगायचं आहे."

मी सांगितलं. पहिल्या वाक्यात आवाज निघाला नाही, कुणीतरी म्हणालं, "काका, मोठ्याने." मग मोठ्याने सांगितलं. बाईंचं इन्शुलिन माझ्या दुकानात गोठलं होतं, वहिनींच्या घरी नाही. बाई इस्पितळातून आल्यावर मला ते कळलं होतं. मी लपवलं.

 मग पलीकडच्या खोलीतला एकजण म्हणाला, "काका, हा बिल्डरचा काही मॅटर आहे का? सह्यांचं वगैरे?"

"नाही."

"नाही, एवढ्या वर्षांनी कुणी येतं का असं?"

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "वहिनींनी भरीस पाडलं असेल. मरणापूर्वी नाव साफ करायचं म्हणून."

वहिनी दारात आल्या. पदराला हात पुसत होत्या. "मी नाय पाडूक कोणाक भरीस. माका करूचा आसता तर तेव्हाच केलंय आसतंय." त्या म्हाताऱ्यांकडे बघून मुंबईच्या मराठीत म्हणाल्या, "आणि मी एवढ्यात मरत नाही, आबा. तुमचं तुम्ही बघा."

दोघंतिघं हसली. बाई हसल्या नाहीत. त्या कठडा धरून दोन पावलं वहिनींच्या दाराकडे गेल्या आणि थांबल्या.

"मी तेव्हा बोलले ते खोटं होतं," त्या म्हणाल्या. "सगळ्यांनी ऐकलं होतं, म्हणून आता सगळ्यांसमोर म्हणते. खोटं होतं."

वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं, मग त्यांच्या बुटाकडे, आणि मग माझ्याकडे. "ता ठीक. पण ह्यांच्या बोटाचा काय?"

 जखम चपलेची, चालणं भांडणामुळे, भांडण माझ्या फोनमुळे, साखर माझ्या ट्रेमुळे. यातलं किती कशाला धरायचं ते डॉक्टरही सांगू शकणार नाहीत. मी एवढंच म्हणालो की ते माझ्या खात्यात. वहिनी आत गेल्या. दार मात्र लावलं नाही.

मी जिना उतरलो.  मी खाली पोचलो तसे वरती एकदम आवाज सुरू झाले. मी जिन्याखाली मीटरच्या पेट्यांजवळ उभा राहिलो आणि कान दिला. कुणाचं नाव घेतात ते ऐकायचं होतं. बराच वेळ नीट काही कळत नव्हतं, पाण्याचा आवाज येत होता, कुणीतरी "पण बिल्डर..." म्हणत होतं. मग एका बाईमाणसाचा आवाज स्पष्ट आला, "म्हणजे तो केमिस्टवालाच," आणि दुसरी कुणी तरी म्हणाली, "मग काय तर. तोच."

तेवढं ऐकल्यावर मी निघालो.